ड्रम नसलेला ठेका

(दृश्य: लांब लाकडी बाकं, हळूहळू भरत जाणारं सभागृह)

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल. हे रायमन सभागृह. १८९२ साली ते प्रार्थनागृह म्हणून उभं राहिलं, म्हणून अजूनही प्रेक्षक चर्चसारख्या बाकांवर खांद्याला खांदा लावून बसतात. मंचावर पाच जण. मधोमध एकच मायक्रोफोन.

ड्रम शोधू नका. हे ब्लूग्रास, तारवाद्यांवर चालणारं अमेरिकन संगीत. त्याच्या पारंपरिक रूपात ड्रम नसतोच. मग ही लय एवढी धावते कशाच्या जोरावर?

(दृश्य: मॅन्डोलिनवादकाचा डावा हात, जवळून)

या बोटांकडे बघा. तारा झंकारल्या रे झंकारल्या, की बोटं सैल पडतात आणि आवाज जागीच तुटतो. चक्! याला 'चॉप' म्हणतात. भला मोठा, उभा धरलेला डबल बास देतो 'धुम्', आणि मधल्या मोकळ्या जागेत मॅन्डोलिनचं 'चक्'. धुम्-चक्, धुम्-चक्. ध्वनिमुद्रण ऐकताना हा ठेका नुसता जाणवतो. इथे तो कोण धरतंय ते डोळ्यांना दिसतं.

आणि ही पावलं! फिडलवाला, म्हणजे व्हायोलिनवाला, पुढे येतो, आपली फेरी वाजवतो, बाजूला सरकतो. तेवढ्यात बॅन्जो माइकपाशी पोचलेला असतो. कुणाचा आवाज मोठा, कुणाचा लहान, हे माइकपासूनच्या अंतरावर ठरतं. गायचं असलं की तिघं डोकी जवळ आणतात, आणि वरच्या पट्टीतला तो टोकदार, एकाकी सूर छताला भिडतो.

हे शेकडो वर्षांपूर्वीचं डोंगरी संगीत असावं, असं वाटतं ना? त्याची मुळं तितकी जुनी आहेत, पण हा बाज रेडिओच्या काळातला. केंटकीच्या बिल मन्रोने तो घडवला. डिसेंबर १९४५ मध्ये, याच मंचावर, २१ वर्षांचा अर्ल स्क्रग्ज मन्रोच्या 'ब्लू ग्रास बॉईज' या बँडमध्ये सामील झाला. अंगठा आणि दोन बोटं, एवढ्यावर त्याने बॅन्जोतून सुरांची सर कोसळवली. १९४८ मध्ये तो बाहेरही पडला. पण आजचे बहुतेक ब्लूग्रास बॅन्जोवादक त्याच वाटेने जातात.

मंचावरून फारसं सांगितलं जात नाही, ते इथे सांगायला हवं. बॅन्जोचं मूळ पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या वाद्यांत आहे. खुद्द मन्रो तरुणपणी आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाबरोबर नाचाच्या कार्यक्रमांत वाजवायचा, आणि त्याचं ऋण मानायचा.

(दृश्य: उघड्या मैदानावरचा महोत्सव, गाड्यांच्या रांगा)

१९६५ साली व्हर्जिनियातल्या फिन्कॅसलला अनेक दिवस चालणारा महोत्सव भरला, आणि मग अशा महोत्सवांची रीतच पडली. तिथे खरी मजा कधीकधी पार्किंगमध्ये असते. लोक आपापली वाद्यं घेऊन गोल करून उभे राहतात. नवखा आला तरी चालतो. आपली पाळी आली आणि जमणार नसेल, तर मान हलवायची. शेजारचा लगेच उचलतो.