४०० यार्डांची वाट

(दृश्य: टेकडीवरच्या इमारती, खाली विद्यापीठाचा परिसर)

कॅलिफोर्नियातलं बर्कली. टेकडीवर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा, पायथ्याशी विद्यापीठ. मधलं अंतर ४०० यार्ड.

ऑक्टोबर १९८६. या दोन ठिकाणांमधला, इंटरनेटवरून जाणाऱ्या डेटाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून थेट ४० बिटांवर आला. ४० बिट म्हणजे इंग्रजीतली जेमतेम पाच अक्षरं! पानभर मजकूर पाठवायचा, तर कागद घेऊन धावत सुटलेला माणूस आधी पोचला असता.

तार तुटली नव्हती. यंत्रंही सुरू होती.

इंटरनेटचं काम थरांत, म्हणजे लेयरांत वाटलेलं. डेटा पत्त्याच्या दिशेने पुढे नेणारी ती नेटवर्क लेयर; तिचे नियम म्हणजे आयपी. तिचं काम तसं निर्विकार. डेटाची लहान लहान पॅकेटं, प्रत्येकावर पत्ता. वाटेतला राउटर, म्हणजे डेटाला वाट दाखवणारा संगणक, पत्ता वाचतो, पॅकेट पुढे ढकलतो आणि विसरतो. रांगेत जागा उरली नाही, की सरळ टाकून देतो.

हरवलेल्याचा हिशेब ठेवायचा तो दोन टोकांच्या संगणकांनी. ही ट्रान्सपोर्ट लेयर; तिचे नियम म्हणजे टीसीपी. प्रत्येक बाइटला, म्हणजे आठ बिटांच्या गटाला, क्रमांक. पलीकडून पोच यायला हवी. वेळेत आली नाही, तर पुन्हा पाठवायचं.

गोम इथेच होती. गर्दीमुळे पोच उशिरा येई. पाठवणाऱ्याला वाटे, पॅकेट हरवलं. तो तेच पुन्हा पाठवी. आधीच तुंबलेल्या वाटेवर एकाच पॅकेटच्या दोन-दोन, तीन-तीन प्रती. जितकी गर्दी, तितकी घाई. जितकी घाई, तितकी गर्दी.

(दृश्य: जुन्या संगणकाचा पडदा)

प्रयोगशाळेतले व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातले माइक कॅरल्स यांनी राउटरला हात न लावता पाठवणाऱ्यालाच वळण लावलं. पोच यायला सरासरी किती वेळ लागतो एवढंच नाही, तो किती वरखाली होतो हेही मोजायचं. म्हणजे उगाच धीर सुटत नाही. सुरुवात एका पॅकेटने. पोच आली की दोन, मग चार. याचं नाव स्लो स्टार्ट. दर फेरीला दुप्पट होणाऱ्या गोष्टीला 'स्लो' म्हणणं जरा गंमतीचंच, पण आधी सगळे एकदम धाडत होते, त्या मानाने हे सावकाशच. आणि पॅकेट हरवलं, तर पुढे गर्दी आहे असं समजून हात आखडता घ्यायचा.

१९८८ साली बर्कली युनिक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या 'ताहो' आवृत्तीबरोबर ही सुधारणा बाहेर पडली. सुरुवातीला सक्ती कुणावरच नव्हती. ज्याने त्याने ती आपापल्या यंत्रावर चढवली, आणि आपला वेग आपणच आवरला.