बंपरचं बिल आणि गाडीचा प्रीमियम

नमस्कार मंडळी. मागं सांगलीच्या विश्रामबागेतले एक सर माझ्याकडं आले, गाडी दोन वर्षांची, पेठ रोडला उसाच्या ट्रॉलीला पुढनं घासली, तेवढंच. बोनेटला पोचासुद्धा नाही आणि गॅरेजचं इस्टिमेट आलं ४८ हजार. सर म्हणाले साहेब, ही लूट आहे. मी विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा, म्हणून वीस वर्षं हेच बघतोय, म्हटलं बसा, एकेक पार्ट बघू. पूर्वी हेडलाइट फुटला की काच न बल्ब टाकून माणूस संध्याकाळी घरी जायचा. आता एलईडीचा अख्खा सेट येतो, आतली एक क्लिप तुटली तरी सेटच. बंपरच्या मागं रडार, तो बसवायचा ब्रॅकेट, आणि बसवल्यावर कॅलिब्रेशन वेगळं, कारण रडार जरा तिरका राहिला तर ब्रेक लावणारी सिस्टीम चुकीचं वाचणार. पुढच्या काचेचंही तसंच, कॅमेरा असेल तर काच बदलून भागत नाही.

आता ह्याचा प्रीमियमशी संबंध काय, तर पॉलिसीचे दोन भाग असतात हे आधी डोक्यात पक्कं करा. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याच्यासाठीचा विमा. त्याचे दर सरकार ठरवतं आणि पेट्रोल-डिझेलच्या प्रायव्हेट कारला ते फक्त इंजिनचं सीसी बघतं. जून २०२२ ला ठरलेले दर म्हणजे १००० सीसीपर्यंत २०९४ रुपये, १५०० पर्यंत ३४१६, त्याच्या वर ७८९७. भारत एनकॅप, म्हणजे गाडी आदळून सेफ्टी तपासायची आपली योजना, १ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाली, गाड्यांना स्टार मिळायला लागले, पण पाच स्टारवाली असो नाहीतर एकही स्टार नसलेली, सीसी सारखं तर थर्ड पार्टी सारखंच. मला हे पटत नाही. आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाडीमुळं रस्त्यावरचा माणूस वाचतो, आणि थर्ड पार्टीचा विमा त्याच माणसासाठी असतो ना? मग दरात ते दिसायलाच पाहिजे.

दुसरा भाग ओन डॅमेज, ओडी, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा. ह्याचे दर २००७ पासून कंपन्यांवर सोडलेत. आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची आजची किंमत), गाडीचं वय, झोन, (पुणे-मुंबई ए झोन, आपली एमएच १० सांगली न एमएच ११ सातारा बी झोनमध्ये, म्हणून आपल्याला जरा कमी) आणि त्या मॉडेलचे क्लेम केवढे येतात, ह्यावर ते ठरतात. म्हणजे बघा, सेफ्टी वाढली की क्लेम कमी येतील असं वाटतं, पण जो येतो तो मोठा येतो. एअरबॅग उघडल्या की त्यांच्याबरोबर सीटबेल्ट, कंट्रोल मॉड्यूल, बऱ्याचदा डॅशबोर्डही बदलावा लागतो आणि जुन्या गाडीचं बिल आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेलं की टोटल लॉस, म्हणजे गाडी दुरुस्त न करता मोडीत धरतात. लोक हळहळतात, पण खंबाटकी घाटात अशी एक गाडी मी बघितली, पुढचा भाग राहिलाच नव्हता, आणि मालक शेजारी उभा राहून माझ्याशी बोलत होता. त्या गाडीनं काम चोख केलं होतं.

ब्रिटनमध्ये थॅचम म्हणून संस्था आहे, तिथं गाड्यांचे १ ते ५० गट असायचे, २०२४ पासून नवी पद्धत आणलीय, त्यात सेफ्टी वेगळी, चोरीपासनं सुरक्षा वेगळी, गाडीला मार किती लागतो न रिपेअरला किती जातं हे वेगळं मोजतात. ताशी १५ किलोमीटरवर गाडी आदळून खर्च बघायची टेस्टसुद्धा आहे. आपल्याकडं हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही, म्हणून गाडी घेताना शोरूममध्ये पुढचा बंपर, हेडलाइट आणि काच ह्या तिघांची किंमत विचारा.

चोरीचं थोडक्यात सांगतो. एआरएआय ह्या गाड्या तपासणाऱ्या पुण्याच्या संस्थेनं मान्य केलेलं अँटी थेफ्ट डिव्हाइस असलं तर जुन्या टॅरिफप्रमाणं, म्हणजे दर कंपन्यांवर सोडायच्या आधीच्या दरपत्रकाप्रमाणं, ओडीत अडीच टक्के सवलत, जास्तीत जास्त ५००. ओडी ९ हजार असेल तर २२५ रुपये. तेवढ्यासाठी नका बसवू, गाडी जाऊ नये म्हणून बसवा. आणि दोन्ही चाव्या जपा, चोरीच्या क्लेमला कंपनी दोन्ही मागते.

प्लास्टिकचं मात्र ऐकाच. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, बॅटरी ह्यावर ५० टक्के घसारा, म्हणजे पार्ट जुना झाल्याची घट, क्लेममधनं कापतात, आणि आजची गाडी पुढनं सगळी प्लास्टिक. सरांनी हजार-दोन हजार वाचवायला झिरो डेप, म्हणजे हा घसारा कापू नये म्हणून घ्यायचं जादा कव्हर, काढून टाकलं होतं, बंपरची निम्मी रक्कम त्यांच्याच खिशातनं गेली.

मागनं ताईंनी विचारलंय, बंपरला नुसता ओरखडा असेल तर क्लेम करावा का. इथंच मांडू. पेंटिंगचं बिल ४०००. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेममधले सक्तीचे १००० आपणच भरायचे. पेंटच्या मटेरियलवर घसारा साधारण ५००. हातात आले २५००. आता पाच वर्षं क्लेम नाही म्हणून तुमचा एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची सवलत, ५० टक्के आहे, ९ हजारांच्या ओडीवर साडेचार हजार सुटतात, ते पुढच्या वर्षी शून्य. त्याच्या पुढच्या वर्षी परत २० टक्क्यांपासनं सुरुवात. ताई, चार हजार खिशातनं द्या.