टिटवी रात्री का ओरडते

नमस्कार, श्रोतेहो.

मे महिन्यातली गोष्ट आहे. पुण्यात आमच्या सोसायटीला लागून एक मोकळा प्लॉट आहे. बांधकाम रखडलेलं, कोपऱ्यात खडी पसरलेली, मधे वाळलेलं गवत. तिथे टिटव्यांची एक जोडी आली आणि रोज रात्री दीड-दोनच्या सुमारास ओरडायला लागली. टिटिव, टिटिव, टिटिव. धारदार आवाज. थांबला म्हणून कूस वळावी, तर पुन्हा सुरू. उकाड्यामुळे सगळ्यांच्या खिडक्या उघड्या, त्यामुळे अख्खी बिल्डिंग जागी व्हायची.

शेजारच्या काकूंची नुसती झोपमोड होत नव्हती. काका तेव्हा हॉस्पिटलमध्ये होते. टिटवी घरावरून ओरडत गेली की वाईट बातमी येते, हे काकू लहानपणापासून ऐकत आलेल्या. ऐन मे महिन्यात त्या खिडक्या घट्ट लावून बसायच्या. एका सकाळी वॉचमनला म्हणाल्या, "बाबा रे, दगड मार, काहीही कर, पण तो पक्षी तिथून हाकल." त्यांचा आवाज कापत होता.

तेव्हापासून मी शेजारपाजारच्या आवाजांकडे नीट कान देऊन ऐकायला लागले. एकाच आवारातून येणारा एक आवाज आपल्याला गोड लागतो आणि दुसरा डोक्यात जातो, हे कशामुळे होतं?

थोडं आपल्या कानाबद्दल सांगते. माणसाचा कान साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो. तान्ह्या बाळाच्या रडण्याची धार याच पट्ट्यात येते, म्हणून ते रडणं कानाआड करता येत नाही. चिरके, धारदार आवाज आपल्याला टोचतात ते यामुळे. पण एवढ्यावर उत्तर संपत नाही. रातकिड्यांची किरकिरही याच पट्ट्यात येते. नर रातकिडा पंखावर पंख घासून ती काढतो, आणि गावाकडे त्या किरकिरीत आपण गाढ झोपतो. कारण तिची लय मोडत नाही. एकसारखा आवाज मेंदू थोड्या वेळात बाजूला टाकतो. कुत्र्याचं भुंकणं तसं नसतं. तीनदा भुंकलं, थांबलं, एकदाच भुंकलं, मग बराच वेळ काहीच नाही. त्या शांततेतही कान पहाऱ्यावर असतो, पुढचं कधी येतंय म्हणून.

कबुतराचं उदाहरण याच्या अगदी उलट. त्याचं घुमणं मऊ, खालच्या पट्टीतलं. एखाद्या देवळाच्या आवारात ऐकलं तर बरं वाटतं. तेच एसीच्या मागून, बेडरूमच्या भिंतीला लागून यायला लागलं की अंगावर काटा येतो. कारण त्या आवाजाबरोबर विष्ठा, पिसं, दम्याची भीती असं सगळं आत येतं. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये केवढा वाद पेटला, तो आठवत असेल. तिथे कबुतरांच्या आवाजाची तक्रार नव्हतीच. पण ज्या घरात खोकला आहे, त्या घराला ते घुमणं गोड लागणार नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त शिकवलं ते पावशाने.

पावशा तुम्ही ऐकला असेल, पाहिला नसेल कदाचित. शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्यासारखा दिसणारा करडा पक्षी, कोकिळेच्या कुळातला. स्वतः घरटं बांधत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो. मृगाच्या आधी आभाळ भरून यायला लागलं की दाट पानांत बसून तो ओरडतो. तीन स्वरांची एक ओळ. पहिल्यांदा खालच्या पट्टीत, मग थोडी वर, मग त्याहून वर. पाच-सहा वेळा असं चढत चढत आवाज अगदी टिपेला पोचतो आणि एकदम तुटतो. क्षणभर काहीच नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. चांदण्या रात्री तर हे तासन् तास चालतं.

आपल्या शेतकऱ्याला त्यात ऐकू आलं, 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा'. हिंदी मुलखात लोकांना ऐकू आलं, 'पी कहाँ', माझा सखा कुठे आहे. बंगालमध्ये ऐकू आलं, 'चोख गेलो', डोळे गेले गं माझे. आणि इथे राहिलेल्या इंग्रज साहेबाला त्याच तीन स्वरांत ऐकू आलं, 'ब्रेन फीव्हर', मेंदूज्वर. इंग्रजीत त्या पक्ष्याला आजही ब्रेनफीव्हर बर्ड म्हणतात.

विचार करा, श्रोतेहो. पक्षी एकच, ओळही एकच. आपला शेतकरी नांगरट करून, बी-बियाणं घरात आणून आभाळाकडे बघत बसलेला असतो. त्याच्या मनातली घालमेलही अशीच चढत जाते, म्हणून पावशा त्याला आपल्यातला वाटतो. साहेब मात्र परक्या मुलखात, घामाघूम, तापाच्या धास्तीने पडलेला. दर वेळी आवाज चढला की त्याला वाटत असणार, आता तरी संपेल. आणि तो पुन्हा खालून सुरू व्हायचा. दोघेही कानात प्राण आणून वाटच बघत होते. एक पावसाची बघत होता, दुसरा झोपेची.

कोकिळेचंही तसंच. 'कुहू' असं गाणारा पक्षी नर असतो, काळाकुळकुळीत. मादी ठिपक्यांची, ती नुसतं घाईघाईने 'किक किक किक' करते. आपल्याकडे तो आवाज म्हणजे वसंत, आंब्याचा मोहोर. सिंगापूरमध्ये हेच कोकीळ पहाटे उंच इमारतींच्या मधल्या झाडांवर गातात आणि तिथले रहिवासी झोप मोडते म्हणून तक्रारी करतात. माझ्या मैत्रिणीचा मुलगा तिथे असतो. त्यानेही कुरकुर केली, तेव्हा त्याची रत्नागिरीची आजी फोनवर म्हणाली, "जरा खिडकीशी धर रे फोन." आणि दोन-तीन मिनिटं काही न बोलता ऐकत राहिली.

मोराची ओरड खरं तर कर्कश. टेकडीवर पहाटे ऐकली तर कुणीतरी संकटात सापडलंय असं वाटतं. पण तिला 'केका' असं खास नाव मिळालं, आणि मोरोपंतांनी देवाला मारलेल्या आर्त हाकांना 'केकावली' म्हटलं. कावळ्याचंही ओरडणं रुक्षच, पण तो खिडकीत ओरडला की पाहुणा येणार, म्हणून आई कुकरमध्ये मूठभर तांदूळ जास्त टाकायची. टिटवीच्या वाट्याला मात्र मरणाची बातमी आली.

फ्रान्समध्ये तर हे भांडण कोर्टात गेलं. ओलेरॉन बेटावर मोरिस नावाचा कोंबडा होता. त्याच्या पहाटेच्या आरवण्याबद्दल, सुट्टीपुरते तिथे येणाऱ्या शेजाऱ्यांनी दावा लावला. सप्टेंबर २०१९ मध्ये निकाल मोरिसच्या बाजूने लागला, आणि जानेवारी २०२१ मध्ये फ्रान्सने ग्रामीण भागातले आवाज आणि वास हा तिथला वारसा आहे, असा कायदाच केला. आपल्याकडे म्हणतात ना, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. आणि झाकलेलं कोंबडंही आरवायचं राहत नाही! जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेसुद्धा आपल्या शरीरातल्या घड्याळाप्रमाणे ठरल्या वेळी आरवतात.

कुत्र्यांबद्दल मी जपून बोलते. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला, घरात आजारी माणूस असलेल्या बाईला, "अहो, तो मुका जीव आहे, समजून घ्या" असं सांगणं मला क्रूर वाटतं. त्यांचा त्रास खरा आहे. गेटवरचं कुत्रं जो रोज खायला घालतो त्याला त्या भुंकण्यात 'मोत्या' ऐकू येतो, आणि तिसऱ्या मजल्यावरच्याला नुसता गोंगाट. हे अंतर गोड बोलून मिटत नाही. नसबंदी झाली की कार्तिकातली भांडणं आणि रात्रीचा कल्ला खरोखर कमी होतो. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं त्याच भागात परत सोडायचं असतं. सोसायटीने पाठपुरावा केला तर हे काम होतं. दगड मारून मात्र भुंकणं वाढतं, हे मी आमच्याच गल्लीत पाहिलं आहे.

आता पुन्हा त्या प्लॉटकडे येते. वॉचमनने दगड मारण्याआधी मी दुर्बीण घेऊन गच्चीवर गेले. दुपारचे बारा. बराच वेळ काहीच दिसेना. मग खडीतलाच एक भाग हलल्यासारखा वाटला. टिटवी उठून उभी राहिली. पिवळे लांब पाय, डोळ्यांपुढे लाल कातडी. तिच्या खाली चार अंडी, खडीच्याच रंगाची, तपकिरी डागांची. घरटं म्हणजे नुसता खळगा. थोड्या वेळाने जोडीदार आला. टँकरच्या गळतीचं डबकं साचलं होतं, त्यात त्याने पोट घासून घासून भिजवलं, तुरुतुरु चालत आला आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसला. त्या उन्हात अंडी गार ठेवायची त्यांची हीच रीत.

मी काकूंना वर घेऊन आले. त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि बराच वेळ खाली घेतली नाही. मग म्हणाल्या, "टिटवी देखील समुद्र आटविते." ही म्हण त्यांना पाठच होती. समुद्राने अंडी गिळली म्हणून टिटवीने समुद्राशी वैर धरलं, ती तिच्यामागची गोष्ट. उघड्यावर, जमिनीवर अंडी घालणारा पक्षी हा. मांजर, मुंगूस, माणूस, कुणीही जवळ आलं की तो जिवाच्या आकांताने ओरडणारच. दगड मारायचं मग कुणी काढलं नाही.

त्या रात्री दोनला टिटव्या पुन्हा ओरडल्या. मी उठून बाहेर पाहिलं. काकूंची खिडकी उघडी होती. सकाळी डबा घेऊन हॉस्पिटलला निघताना त्या जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "रात्री प्लॉटवर कुत्रं शिरलं होतं वाटतं गं. अंडी नीट आहेत का, जरा बघून ये."