नवा आयटम प्रसिद्ध कधी करावा?

मित्रहो, जादूगारांच्या बैठकींत हल्ली एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : मला सुचलेली नवी ट्रिक मी विकायला केव्हा काढावी? विचारणारा बहुधा तरुण असतो, कल्पना ताजी असते आणि व्हिडिओ तयार करून ती डीलरकडे, म्हणजे जादूचे साहित्य विकणाऱ्याकडे, पाठवण्याची किंवा स्वतःच डाउनलोड म्हणून विकण्याची त्याला घाई झालेली असते. त्याच बैठकीत असेही ज्येष्ठ असतात, ज्यांच्या प्रयोगांच्या वह्या वर्षानुवर्षे कपाटाबाहेर आलेल्या नसतात. माझे मत सुरुवातीलाच मांडतो. दुसऱ्या जादूगाराच्या हाती निर्धास्त सोपवता येईल इतका पूर्ण झालेला प्रयोग आणि तो करण्याची स्पष्ट परवानगी, या दोन गोष्टी आपण विकत असतो. त्या तयार होईपर्यंत थांबावे आणि तयार झाल्यावर मात्र फार रेंगाळू नये.

पुष्कळांना वाटते की आधी कायद्याचे संरक्षण घ्यावे आणि मग निर्धास्तपणे विकावे. या समजुतीची किंमत जादूगार होरेस गोल्डिन यांनी मोजली. स्त्रीला करवतीने कापण्याचा प्रयोग पी. टी. सेल्बिट यांनी जानेवारी 1921 मध्ये लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायर नाट्यगृहात सादर केला आणि त्याच वर्षी गोल्डिन यांनी अमेरिकेत आपली आवृत्ती रंगमंचावर आणली. नक्कल करणाऱ्यांविरुद्ध हत्यार म्हणून त्यांनी पेटंट घेतले. ते 1923 मध्ये मंजूर झाले. परंतु शोध कसा चालतो हे आकृत्यांसह जाहीर केल्यावाचून पेटंट मिळत नाही, आणि मिळाल्यावर तो कागद कोणालाही पाहता येतो. 1933 मध्ये एका सिगारेट कंपनीने आपल्या जाहिरातमालेत जादूची रहस्ये छापली, त्यांत हेही रहस्य आले. गोल्डिन न्यायालयात गेले, पण 1938 मध्ये त्यांचा दावा फेटाळला गेला, कारण जी गोष्ट त्यांनी स्वतःच सरकारी दप्तरातून जगापुढे ठेवली होती, तिला गुपित म्हणता येत नव्हते. दरम्यान त्यांनी स्त्रीला ठेवण्याची पेटीच काढून टाकली होती आणि मोठ्या चक्राकार करवतीचा नवा प्रयोग उभा केला होता. आपल्या पी. सी. सरकार यांनी 1956 मध्ये बीबीसीवर ब्रिटिश प्रेक्षकांना हादरवून सोडले, ते अशाच करवतीने.

टेलर या अमेरिकन जादूगाराचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. फुलदाणीतील गुलाबाच्या पडलेल्या सावलीला सुरीने छेद द्यायचा आणि त्याबरोबर खऱ्या गुलाबाच्या पाकळ्या गळून पडायच्या, हा त्यांचा प्रयोग. 1983 मध्ये त्यांनी त्याची कॉपीराइट नोंदणी केली ती मूकनाट्य म्हणून, म्हणजे रंगमंचावर काय, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या हालचालींनी घडते त्याची. 2012 मध्ये एका बेल्जियन जादूगाराने तशाच प्रयोगाचा व्हिडिओ टाकून त्याचे रहस्य विकायला काढले, तेव्हा टेलर यांनी दावा लावला आणि 2014 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. प्रतिवादीचे म्हणणे होते की माझी युक्ती वेगळी आहे. न्यायालयाच्या दृष्टीने तो मुद्दाच नव्हता, कारण संरक्षण युक्तीला नव्हते, प्रेक्षकाला दिसणाऱ्या नाट्याला होते.

भारतातही स्थिती फारशी वेगळी नाही. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. मात्र 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील नाट्यकृतीच्या व्याख्येत मूकाभिनयाचा उल्लेख आहे. अट एवढीच की त्याची रंगमंचीय मांडणी किंवा अभिनयाचे रूप लेखी किंवा अन्य प्रकारे निश्चित केलेले असावे. म्हणून मी प्रत्येक तरुण जादूगाराला आग्रहाने सांगतो की प्रसिद्ध करायचे असो वा नसो, आपला आयटम संवादांसह, हालचालींसह, संगीताच्या जागांसह पूर्ण लिहून काढा आणि त्यावर तारीख घाला. पेटंटचा विचार केवळ खरोखरच नव्या यंत्ररचनेसाठी करावा. तोही करायचा तर अर्ज आधी आणि जाहीर वर्णन नंतर, कारण शोध आधीच उघड झाला असेल तर सामान्यतः त्याचे नावीन्य संपते, आणि अर्ज केला तरी तो साधारणपणे 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतोच.

तेव्हा रहस्याची मालकी कायद्याकडे मागण्यात अर्थ नाही. ती मिळते आपल्या व्यवसायबंधूंच्या मान्यतेतून, आणि त्या मान्यतेला आधार लागतो तारखेनिशी छापलेल्या मजकुराचा. नॉर्मन गिलब्रेथ या गणिताच्या विद्यार्थ्याने 1958 मध्ये जादूगारांच्या एका मासिकात पत्त्यांचे एक तत्त्व मांडले. पिसलेल्या पत्त्यांतही एक विशिष्ट रचना टिकून राहते, असे ते तत्त्व. ते इतके सुंदर आहे की पुढे गणितज्ञांनीही त्यावर लिहिले, शेकडो जादूगारांनी त्यावर प्रयोग बांधले आणि आजही ते गिलब्रेथ यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांनी ते स्वतःपाशी ठेवले असते, तर दुसऱ्या कोणाला तरी ते सापडलेच असते. तत्त्व सापडले असेल तर ते लवकर छापावे, असे मला मनापासून वाटते. पॉल करी हे व्यवसायाने जादूगार नव्हते; तरीही 1942 मध्ये त्यांनी विक्रीस आणलेला लाल-काळ्या पत्त्यांचा प्रयोग आज जगभर केला जातो. ज्याचे पोट कार्यक्रमांवर अवलंबून नाही, त्या हौशी कलावंताला लपवून ठेवण्यासारखे कारण फार थोडे असते.

ज्याचे पोट कार्यक्रमांवरच आहे त्याची गोष्ट निराळी. ज्या आयटममुळे आयोजक तुम्हालाच बोलावतात, तो आयटम विकू नका, मग डीलर कितीही रक्कम देऊ करो. एकरकमी मिळालेला पैसा काही महिन्यांत संपतो आणि तोच प्रयोग पुढच्या हंगामात तुमच्याच गावात दुसरा कोणी निम्म्या बिदागीत करत असतो. त्याची गरज संपेल, कार्यक्रमात त्याची जागा दुसरे काही घेईल, तेव्हा तो खुशाल द्यावा. पण नक्कल आधीच सुरू झाली असेल तर? रॉबर्ट हार्बिन यांनी 1965 मध्ये झिगझॅग गर्ल हा प्रयोग निर्माण केला. उभ्या कपाटातील स्त्रीचा मधला भाग बाजूला सरकवण्याचा तो प्रयोग इतका विलक्षण होता की त्याची कपाटे परवानगीवाचून जगभर बनू लागली. 1970 मध्ये हार्बिन यांनी आपल्या प्रयोगांचे पुस्तक काढले, फक्त 500 प्रती, आणि ते घेणाऱ्याला त्यातील साहित्य बनवून घेण्याचा हक्क दिला. नक्कल त्याने थांबली नाही. परंतु ज्याला सचोटीने तो प्रयोग करायचा होता त्याच्यापुढे एक मार्ग उभा राहिला, आणि मला हार्बिन यांचा तो निर्णय अतिशय उदार आणि शहाणपणाचा वाटतो.

आता पूर्ण झालेला प्रयोग म्हणजे काय, याबद्दल थोडे सविस्तर बोलतो. आरशासमोर आणि कॅमेऱ्यासमोर जमलेली ट्रिक ही अजून कल्पनाच असते. गणेशोत्सवाच्या मांडवात तिन्ही बाजूंनी माणसे उभी असतात आणि मुले स्टेजला अगदी चिकटून बसतात; तिथे अँगल सांभाळले जातात का, म्हणजे कोणत्याही बाजूने रहस्य दिसत नाही ना, वाढदिवसाच्या कार्यक्रमात एखाद्या धीट मुलाने गिमिकच, म्हणजे ट्रिकचे छुपे साधनच, मागितले तर काय करायचे, पत्ता निवडणारा प्रेक्षक आयत्या वेळी पत्ता विसरला तर सुटका कशी, या प्रश्नांची उत्तरे कार्यक्रम करता करताच मिळतात आणि ग्राहक खरे पैसे या उत्तरांसाठी मोजतो. त्यानंतर आयटम लेखी सूचनांसह एखाद्या विश्वासू मित्राला द्यावा आणि तोंडी काहीही न सांगता त्याला तो करता येतो का, ते पाहावे. बहुतेक मजकूर या परीक्षेत नापास होतात, कारण आपल्या हाताला जे सवयीचे झालेले असते ते लिहायचे राहून जाते.

पूर्वसूरींचा शोध हे दुसरे काम, आणि आपल्याकडे त्याची सर्वाधिक हेळसांड होते. डेनिस बेहर यांच्या कॉन्ज्युरिंग आर्काइव्हसारख्या सूचीमुळे कोणती कल्पना कोणत्या पुस्तकात आली आहे हे आज घरबसल्या तपासता येते. तुमच्या आयटममध्ये हयात कलावंताचे अप्रकाशित काही असेल, तर परवानगी मिळेपर्यंत तो प्रसिद्ध करू नये; प्रकाशित असेल, तर श्रेय ठळकपणे द्यावे. मला हे स्वतंत्रपणे सुचले, एवढे म्हणणे पुरेसे नाही. विकण्याआधी शोधणे ही विक्रेत्याची जबाबदारी आहे.

व्यवहाराविषयी थोडक्यात. खरेदीदाराला कार्यक्रमात प्रयोग करण्याचा हक्क आहे, पण टीव्हीवर किंवा समाजमाध्यमांवर तो दाखवता येईल का, साहित्य स्वतः बनवता येईल का, दुसऱ्याला शिकवता येईल का, हे विक्रीच्या मजकुरातच लिहावे. डीलरशी एकरकमी सौदा आहे की प्रत्येक नगामागे मानधन, हे कागदावर असावे. जाहिरातीच्या व्हिडिओत अडचणीचा क्षण कापून टाकू नये. तशा व्हिडिओने ग्राहक फसतो आणि पुढचा आयटम आणताना तोच ग्राहक आपल्याकडे पाठ फिरवतो.

कपाटात वह्या ठेवणाऱ्या ज्येष्ठांशीही मला बोलायचे आहे. पुण्याच्या जादूगार रघुवीर यांच्या घराण्याप्रमाणे जिथे प्रयोग पुढच्या पिढ्या रंगमंचावर चालवतात, तिथे छापण्यावाचून काही अडत नाही. परंपरा जिवंत हातांनी पुढे जाते. असा वारस सर्वांना लाभत नाही. मॅक्स मॅलिनी या जादूगाराने राजेरजवाड्यांना थक्क करणारे प्रयोग केले, पण स्वतः काही लिहून ठेवले नाही. 1942 मध्ये ते गेले आणि पुढे जादूगार डाय व्हर्नन यांच्यासारख्यांच्या आठवणींतून त्यांच्या कामाचा काही भाग पुस्तकात आला. व्हर्नन यांच्यासारखा जाणकार साक्षीदार मॅलिनींना मिळाला, म्हणून तेवढे तरी उरले. तुमच्या वहीतील खुणा आणि तुटक शब्द आज फक्त तुम्हालाच उलगडतात. ज्या आयटमवर आता तुमचा चरितार्थ अवलंबून नाही, त्यातला एक तरी या वर्षी एखाद्या तरुणाला शेजारी बसवून पूर्ण वाक्यांत लिहून काढा.