पिकअप निवडताना आकड्यांपलीकडे पाहण्याविषयी

इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप, म्हणजे तारांखाली बसवलेले आणि त्यांचे कंपन विद्युत संकेतात बदलणारे चुंबक-कॉइलचे भाग, बदलायचे ठरवून कोणी सल्ला विचारायला आले की मी त्यांना आधी एकच गोष्ट विचारतो: आत्ताच्या आवाजात आपल्याला नेमके काय खटकते? ‘चांगले पिकअप हवे आहेत’ हे उत्तर पुरेसे नाही. आवाज बोदा येतो, वरच्या तारा कानाला टोचतात, अँपचा (अँप्लिफायरचा) गेन, म्हणजे संकेत किती वाढवायचा ते, वाढवला की गुणगुण असह्य होते, की ब्रिजकडचा (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात त्या बाजूचा) आवाज मानेकडच्या पिकअपपुढे दुबळा वाटतो, यांपैकी प्रत्येक तक्रारीचे मूळ वेगळे आणि उपायही वेगळा आहे. काहींचा उपाय तर नव्या पिकअपमध्ये नसतोच.

पिकअप ऐकतो तरी काय? खालच्या चुंबकामुळे पोलादी तारेचा त्यावरचा तेवढा भाग स्वतःच चुंबकित होतो. ती तार कंप पावली की कॉइलमधून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेल्या तत्त्वानुसार कॉइलमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. म्हणजे पिकअप हवेतला नाद ऐकत नाही. तार त्या एका जागी किती आणि कशी हलते, तेवढेच तो टिपतो. ब्रिजजवळ तारेची हालचाल लहान असते आणि तिच्यात मूळ स्वराच्या तुलनेत वरचे उपस्वर अधिक असतात, म्हणून तिथला आवाज धारदार आणि सडपातळ येतो. त्याच कारणाने ब्रिजकडचा पिकअप मानेकडच्यापेक्षा थोडा जास्त वेटोळ्यांचा घेण्याची रीत पडली आहे. एकाच प्रकारचे दोन पिकअप घेऊन दोन्ही जागी बसवले, तर समतोल साधण्यासाठी उंचीशी बरीच झटापट करावी लागते.

आता ज्या आकड्याने सर्वाधिक दिशाभूल होते, त्याकडे वळतो. पिकअपच्या माहितीत रोध किलोओहममध्ये दिलेला असतो आणि बहुतेक जण तो आवाजाच्या ताकदीचे माप समजून वाचतात. रोध वेटोळ्यांची संख्या सांगत नाही, तो तारेची लांबी आणि जाडी मिळून ठरतो. 42 गेजऐवजी (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक) त्याहून बारीक 43 गेजची तांब्याची तार वापरून तेवढीच वेटोळी घातली, तर रोध सुमारे सव्वापट होतो, पण उत्पन्न होणारा विद्युतदाब जवळपास तोच राहतो. इतकेच काय, तापमान 10 अंशांनी वाढले तरी तांब्याचा रोध सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो. एकाच घडणीच्या, एकाच गेजच्या दोन पिकअपांची तुलना करताना रोधाचा उपयोग आहे. वेगवेगळ्या घडणींमध्ये तो वापरणे म्हणजे पुस्तकाच्या वजनावरून त्यातला मजकूर ताडणे आहे.

मला विचाराल तर पाहावा तो इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला कॉइल किती विरोध करते त्याचे माप. जुन्या घडणीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या सिंगल कॉइलमध्ये (एकाच कॉइलच्या पिकअपमध्ये) तो साधारण 2.4 हेन्री असतो, जुन्या धाटणीच्या हंबकरमध्ये (गुणगुण मिटवणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपमध्ये) 4.4 च्या आसपास, आणि जोरकस हंबकरमध्ये 8 पर्यंत जातो. हा इंडक्टन्स आणि केबलचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एक मंडल तयार होते, जे एका ठरावीक वारंवारतेला उचलून धरते आणि तिच्या वरचे सारे झपाट्याने कापते. कॉइल आणि पाचेक मीटरची केबल मिळून 600 पिकोफॅराड धरले, तर ही उचल वरील तीन पिकअपांत अनुक्रमे सुमारे 4200, 3100 आणि 2300 हर्ट्झवर येते. काचेसारखा लखलखीत आवाज आणि जाड, भरदार आवाज यांच्यातला फरक मुख्यतः इथे आहे. जोर आणि चमक एकाच वेळी मागणाऱ्याला म्हणूनच निराश व्हावे लागते: वेटोळी वाढली की जोर वाढतो आणि उचल खाली सरकते.

त्या उचलीचा उंचवटा किती टोकदार राहील हे व्हॉल्यूम आणि टोनचे पॉट, म्हणजे त्या बटणांखालचे बदलते रोधक, ठरवतात. सिंगल कॉइलसाठी 250 किलोओहम आणि हंबकरसाठी 500 ही प्रथा त्यातूनच आली. सिंगल कॉइलच्या गिटारमध्ये मी एकदा मोठ्या उत्साहाने हंबकर बसवला आणि आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा झाला. पिकअपला बरेच दिवस दोष दिल्यावर ध्यानात आले की जुने 250 चे पॉट मी तसेच ठेवले होते. ते बदलले आणि तोच पिकअप मोकळा वाजू लागला. नवी खरेदी करण्याआधी पॉटवरचा आकडा वाचावा, असा माझा आग्रह त्या अनुभवानंतरचा आहे.

गुणगुणीची तक्रार असेल तर मार्ग वेगळा. गिब्सनसाठी काम करणाऱ्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि ते 1959 मध्ये मिळाले. मधल्या काळात पिकअपखाली चिकटवलेल्या ‘पेटंट अप्लाइड फॉर’ या चिठ्ठीवरून पीएएफ हे नाव रूढ झाले. दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडायच्या आणि त्यांच्यातली चुंबकीय ध्रुवताही उलटी ठेवायची. बाहेरून आलेली विजेची गुणगुण दोन्हींत विरुद्ध होऊन मिटते, पण तारेचा संकेत दोनदा उलटल्यामुळे बेरीज होऊन येतो. आजही ‘अस्सल पीएएफ आवाज’ शोधणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे, की त्या काळच्या त्या पिकअपांत वेटोळी आणि चुंबक दोन्ही एकसारखे नसत. त्यामुळे नक्कल कोणत्या एका पिकअपची केली आहे, हा प्रश्न विचारणे रास्त ठरते.

चुंबकाच्या नावावर, म्हणजे अल्निको 2 की 5 की सिरॅमिक यावर, जेवढी चर्चा होते तेवढी मला आवश्यक वाटत नाही. बलवान चुंबकाने जोर वाढतो हे खरे. पण सिरॅमिकला चिकटलेला कर्कशपणाचा शिक्का पुष्कळदा त्याच्यासोबत येणाऱ्या घडणीचा असतो.

पिकअपची उंची मात्र सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि तिच्याखालचा पिकअपचा ध्रुव (वर दिसणारे धातूचे टोक) यांच्यातले अंतर मोजा. 2 ते 2.5 मिलिमीटरपासून सुरुवात करणे बरे. अल्निकोच्या दांड्यांचे सिंगल कॉइल तारेच्या फार जवळ आणले, तर चुंबक तारेला ओढतो, मानेकडे वरच्या फ्रेटवर जाड तारांचा सूर डळमळतो आणि नाद लवकर विझतो. हे ऐकून पिकअप सदोष म्हणणारे मी पाहिले आहेत.

शेवटी जोडणी. दोन वेगळ्या निर्मात्यांचे पिकअप एकत्र वाजवताना आवाज पोकळ, नाकातला आला, तर ते परस्परविरोधी कलेत (फेजमध्ये) आहेत, म्हणजे एकाचा संकेत दुसऱ्याच्या उलटा येतो; त्यांपैकी एकाच्या जोडणीच्या दोन तारांची अदलाबदल केली की तो भरून येतो. त्यापूर्वी धातूचे आवरण यांपैकी कोणत्या तारेला जोडलेले आहे हे तपासा, कारण अदलाबदलीनंतर ते आवरण संकेताच्या बाजूला गेले तर हात लागताच गुणगुण सुरू होते. अशा वेळी आवरणाची तार सोडवून तिला स्वतंत्रपणे अर्थिंगला डाग द्यावा लागतो.