दारफळणीचा सण

अलिबागची इस्राएल आळी. १८४८ पासूनचं मागेन आबोथ सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ.

कापडी आवरण उतरतं. दोन लाकडी दांड्यांवर गुंडाळलेलं चामडं हळूहळू उलगडतं. हाताने लिहिलेली हिब्रू अक्षरं. ना स्वरचिन्हं, ना विरामचिन्हं. चांदीची काठी अक्षरांवरून सरकत एका जागी थांबते. तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथातलं लेवीय पुस्तक, अध्याय १६.

मुख्य याजक अहरोनाचे दोन मुलगे नको तो अग्नी घेऊन देवापुढे गेले आणि तिथेच मेले. त्यानंतरचा हा आदेश. पवित्रस्थानाच्या पडद्याआड वाटेल तेव्हा जायचं नाही. वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी प्रायश्चित्त, म्हणजे योम किप्पूर. मुख्य याजकाच्या अंगावर त्या वेळी सोनं नाही, साधं तागाचं कापड. समोर दोन बकरे. चिठ्ठ्या टाकायच्या. एक देवाचा, त्याचा बळी. दुसरा अजाजेलाचा. त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून साऱ्या लोकांची पापं बोलून दाखवायची आणि त्याला रानात सोडून द्यायचं.

गंमत अशी, की या अख्ख्या अध्यायात ‘उपास’ हा शब्दच नाही. आहे ते एवढंच: जिवाला कष्ट द्या. अध्याय २३ मध्ये पुन्हा तेच, वर वेळ नेमून दिलेली. नवव्या दिवसाच्या संध्याकाळपासून पुढच्या संध्याकाळपर्यंत. यशया संदेष्ट्याने उपास आणि जिवाचे कष्ट एकाच वचनात शेजारी ठेवले. तो अध्याय ५८ त्या दिवशी सकाळी वाचतात. पुढे मिश्ना या ज्यू नियमसंग्रहाने खुलासा केला: अन्न नाही, पाणी नाही, अंघोळ नाही, अंगाला तेल नाही, चामड्याची पादत्राणं नाहीत, शरीरसंग नाही.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं. बकरे गेले, उपास राहिला.

कोकणात तर ही गुंडाळीही नव्हती. घाण्यावर तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’, म्हणजे इथले बेने इस्राएल ज्यू, हिब्रू विसरले होते. हा दिवस विसरले नाहीत. त्याला नाव दिलं मराठी, दारफळणीचा सण, म्हणजे दार बंद करण्याचा. पांढरे कपडे, कडकडीत उपास, दार बंद, बाहेरच्या कुणाशी शिवाशिव नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण: दानधर्म आणि भेटीगाठी. आणि हिब्रूत या दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेला म्हणतात नेइला, म्हणजे दारं मिटणं. याला योगायोग म्हणायला आम्ही तयार नाही.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली.

सणाच्या दिवशी आत कॅमेरा चालत नाही. आमच्याकडे आहे ते आदल्या संध्याकाळचं, रस्त्यावरून घेतलेलं, लागत जाणारं हे दार.