मूळव्याध समजून सोडून देऊ नका

नमस्कार मंडळी! आज संडासाच्या विषयावर बोलायचंय, आणि मोकळेपणानं बोलायचंय, कारण लाजेपायीच माणसं डॉक्टरकडे उशिरा पोचतात. रक्त दिसलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, मोड आले असतील, तिखट बंद कर, ताक पी, आणि मेडिकलमधून मलम येतं. बऱ्याचदा ती मूळव्याधच असते हो, पण चाळिशी ओलांडलेल्या माणसानं आत न बघताच तसं ठरवून टाकणं मला अजिबात पटत नाही.

आपलं मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब, त्याच्या आतल्या अस्तरावर कधीकधी छोटी गाठ उगवते, तिला पॉलिप म्हणतात. काही चपट्या असतात, काही अळंबीसारख्या देठावर उभ्या. रिपोर्टमध्ये पॉलिप शब्द दिसला की घरात रडारड सुरू होते, तर आधी हे ऐका, पॉलिप म्हणजे कॅन्सर नव्हे. त्यातला अॅडेनोमा नावाचा प्रकार मात्र लक्ष ठेवण्यासारखा. बहुतेक अॅडेनोमा कधीच कॅन्सर होत नाहीत, पण आतड्याचे बहुतेक कॅन्सर सुरू होतात ते अशाच एखाद्या गाठीतून. पेशींमधली जनुकं एकेक करून बिघडत जातात आणि याला साधारण दहा वर्षं लागतात. म्हणजे दहा वर्षं आपल्या हातात असतात, आणि त्या काळात ना दुखतं ना खुपतं, बहुतेकांना काहीच कळत नाही. गाठ एक सेंटीमीटरच्या पुढे गेली किंवा संख्येनं जास्त असल्या की धोका वाढतो.

अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचंच बघा. 1984 साली तपासणीत त्यांना एक छोटा पॉलिप सापडला होता, पण संपूर्ण आतडं दुर्बिणीनं बघितलं गेलं ते थेट जुलै 1985 मध्ये. तेव्हा दुसरी एक छोटी गाठ काढताना पार वरच्या टोकाला, जिथे मोठं आतडं सुरू होतं तिथे, जवळजवळ पाच सेंटीमीटरची मोठी गाठ दिसली, दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन करून आतड्याचा तो भाग काढावा लागला आणि तपासणीत तिच्यात कॅन्सर निघाला. वेळेत निघाला म्हणून पुढे ते जवळजवळ एकोणीस वर्षं जगले. पण खालचाच भाग बघून थांबलं तर वरचं राहून जातं, हे त्यातून अगदी स्पष्ट दिसतं.

कोलोनोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीनं सगळं मोठं आतडं आतून बघण्याच्या तपासणीची, भीती वाटते ना? खरा त्रास आदल्या दिवशीचा, पावडर घातलेलं ते खारट पाणी ग्लासामागून ग्लास प्यायचं आणि खालून पिवळसर स्वच्छ पाणी येईपर्यंत संडासच्या फेऱ्या मारायच्या. हे मात्र नीट करा, कारण आत मळ राहिला तर छोटी गाठ त्याखाली लपते. पुढे तुम्हाला गुंगीचं औषध देतात, डॉक्टर दुर्बिणीतून तारेचा फास टाकून गाठ मुळाशी आवळतात आणि कापून काढतात, मग ती पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये तपासायला जाते. तपासायला गेलो आणि तिथेच कॅन्सरची वाट बंद करून आलो, असं दुसऱ्या कुठल्या कॅन्सरच्या बाबतीत फारसं होत नाही!

अमेरिकेत 2021 पासून पंचेचाळीसाव्या वर्षापासूनच तपासणी करा असं सांगतात. आपल्याकडे सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर बघतात, आतड्याचा नाही, त्यामुळे तुम्हाला कुणी बोलवायला येणार नाही. रक्त, अचानक बदललेली शौचाची सवय, कारण नसताना घटलेलं वजन किंवा हिमोग्लोबिन, यातलं काही असेल तर स्वतःहून जा. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर चाळीसाव्या वर्षी, किंवा त्यांना झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा तपासून घ्या.

आणि गाठ काढून झाली की फाईल कपाटात टाकू नका. डॉक्टरांना विचारा, गाठ कुठल्या प्रकारची निघाली, किती मोठी होती, पूर्ण निघाली का, आणि पुढची तपासणी कोणत्या साली. ते साल रिपोर्टवरच पेनानं लिहून घ्या, आणि त्याच संध्याकाळी भावाबहिणीला फोन करून सांगा.